पाठवणीचं हेलिकॉप्टर

"अहो, जरा बाजूला होता का? एचच्या आडव्या दांडीवर उभे आहात तुम्ही."

अनुपमाने हे सभ्यपणेच म्हटलं होतं... म्हणजे, तिसऱ्यांदा म्हणताना माणसाच्या अंगी जेवढी सभ्यता उरते तेवढ्या सभ्यपणे. शिरूरच्या बाहेर, घोड नदीच्या अंगाला असलेल्या त्या मैदानावर सकाळपासून तिची माणसं दोरी ताणून चुन्याची फक्की ओढत होती. धूळ उडू नये म्हणून टँकर पाणी मारून गेला होता आणि मातीचा ओला, गार वास सगळीकडे भरून राहिला होता. नदीवरचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. त्या धुक्यातूनच हे ध्यान उगवलं होतं – उंच, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, नजर आभाळात आणि दोन्ही बूट ताज्या फक्कीत.

"दांडी तिरकी झालीय," तो खाली बघत म्हणाला.

"तुम्ही यायच्या आधी सरळ होती."

तो हसला. बाजूला मात्र झाला नाही. वाकून त्याने चिमूटभर फक्की उचलली, हात उंच केला आणि बोटांतून हळूच सोडली. पांढरी रेघ हवेत तरंगली, जराशी रेंगाळली आणि अनुपमाच्या निळ्या ओढणीवर जाऊन बसली.

"वारं पश्चिमेचं," तो म्हणाला.

"फक्की सरकारी आहे," ओढणी झटकत ती म्हणाली. "आणि ओढणी माझी."

अनुपमा बांधकाम खात्याच्या शिरूरच्या कार्यालयात कनिष्ठ अभियंता होती. शिकताना तिने पूल बांधायची स्वप्नं पाहिली होती. नोकरीने तिच्या हातात इंग्रजीतलं एक अक्षर ठेवलं. तालुक्यात कुणी बडं माणूस आभाळातून येणार असलं की मैदान शोधायचं, ते सपाट करून घ्यायचं, गोलात एच काढायचा आणि इथे हेलिकॉप्टर उतरायला हरकत नाही असा दाखला सही करून द्यायचा, हे तिचं काम. हल्ली तर पुढाऱ्यांपेक्षा नवरदेवच जास्त उतरायला लागले होते. तिची आई पाहुण्यारावळ्यांत सांगायची, आमची अनू हेलिकॉप्टर उतरवते. अनूला ते खोडून काढायचाही आता कंटाळा आला होता.

आणि ज्याने दांडी तुडवली तो सत्यजीत. मूळचा दौंड तालुक्यातला, पाटसचा. बरीच वर्षं त्याने दूरदूरच्या शहरांत हेलिकॉप्टरं दुरुस्त केली होती. आता तो एका वेगळ्याच कामावर आला होता. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या परदेशी कंपन्या, ती उडवणाऱ्या इथल्या कंपन्या, आपलं सरकार आणि आणखी काही देशांची सरकारं, अशा सगळ्यांनी मिळून एक गट केला होता. अपघात झाल्यावर एकमेकांकडे बोटं दाखवण्यापेक्षा आधीच डोकी एकत्र करावीत, एवढाच त्याचा साधा अर्थ. गावाकडच्या तात्पुरत्या मैदानांसाठी नियम बनवायचे होते आणि नमुना म्हणून त्यांनी शिरूर आणि दौंड हे दोन तालुके घेतले होते; तेवढ्यापुरते दोन्हीकडचे दाखले अनुपमाकडे आले होते. या मातीतला म्हणून सत्यजीतला इकडे धाडलं होतं.

आंतरराष्ट्रीय गटाचा तज्ज्ञ येणार, असं अनुपमाला कार्यालयाने कळवलं होतं खरं. पण तिने पिकल्या केसांचा, गोरा, टाय लावलेला कुणीतरी मनात धरला होता. त्याच्यासाठी टेबलावर गुलाबांचा गुच्छही आणून ठेवला होता. प्रत्यक्षातला तज्ज्ञ आता फक्कीने पांढरे झालेले बूट झटकत समोर उभा होता, आणि गुच्छाचं कळल्यावर त्याने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, गुच्छ अजून आहे का?

"पाण्यात ठेवलाय," ती म्हणाली. "तज्ज्ञ आले की देईन."

मग त्याने तिला मैदानाच्या कडेचे दोन खांब दाखवले आणि त्यांच्यामध्ये काय दिसतंय असं विचारलं. तिने डोळे बारीक केले. धुकं, ती म्हणाली. आणखी काही नाही.

"तार आहे," सत्यजीत म्हणाला. आवाजातली थट्टा एकदम गेली होती. "इथल्या माणसाला ती ठाऊक असते. वरून येणाऱ्याला नुसता खांब दिसतो... तार दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते."

त्या दिवशी पाहुण्यांचं हेलिकॉप्टर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उतरलं. दांडी पुन्हा ओढावी लागली. संध्याकाळी ती घरी निघाली तेव्हा टेबलावरचा गुच्छ नाहीसा झाला होता, आणि का कोण जाणे, तिला त्याचा राग आला नाही.

मग सुरू झाली भटकंती. गावोगावची मैदानं, शाळांची पटांगणं, मोकळी रानं – जिथे जिथे कुणी कधी हेलिकॉप्टर उतरवलं होतं किंवा उतरवायचं मनात होतं, ती प्रत्येक जागा दोघांनी बघायची होती. कार्यालयाची जीप कधी मिळे, कधी नाही. न मिळाली की अनुपमाला सुरुवातीला वैताग यायचा. पुढे पुढे जीप मिळाली की यायला लागला, कारण जीप नसली की सत्यजीतची मोटारसायकल असे.

गळिताचे दिवस होते. भीमेच्या बाजूला उतरलं की उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागायची, आणि पाटस जवळ आलं की हवेत मळीचा आंबूस-गोड वास भरायचा. उभ्या उसाला तुरे आले होते. उन्हं कलली की ते तुरे चांदीसारखे उजळायचे आणि वाऱ्यावर सगळं रान एका अंगाला झुकायचं. अशा वेळी मोटारसायकल बांधाला लावून दोघं माना वर करून तारा शोधत उभी राहायची. बघणाऱ्याला वाटावं, ही दोघं दिवसाढवळ्या चांदण्या मोजतायत.

तो आभाळ बघायचा, ती जमीन. काळ्या रानात वरून टणक वाटणारी माती चाकाखाली कशी खचते, हे तिने त्याला काठी खुपसून दाखवलं. वारं कुठल्या वेळी कुठून फिरतं हे त्याने तिला ओल्या बोटाने शिकवलं. शिकवायला खरं तर एकदाच पुरेसं होतं. पण तिला वाऱ्याची दिशा पुनःपुन्हा चुकायला लागली, आणि त्यालाही ती पुनःपुन्हा सांगायचा कंटाळा येईना.

"तुम्ही एवढ्या हुशार," एकदा तो म्हणाला, "आणि पश्चिम कुठली हे रोज विसरता?"

"सूर्य मावळला की आठवतं," ती म्हणाली.

"मग थांबू या मावळेपर्यंत."

आणि ती दोघं थांबली... कामाचाच भाग म्हणून.

पण या कामाला दुसरी बाजू होती, आणि ती कारेगावला दिसली. तिथे एका लग्नाला नवरदेव हेलिकॉप्टरने आला. मैदान चांगलं होतं, दाखला अनुपमाचाच होता, दोरी बांधली होती, पोलीसही होते. हेलिकॉप्टर टेकलं, पातं अजून फिरत होतं, आणि तेवढ्यात नवरदेवाची आत्या सोजराबाई औक्षणाचं ताट घेऊन दोरीखालून आत शिरली. पदराने निरांजन झाकत, वाकून, ती यंत्राला वळसा घालून थेट शेपटीकडे निघाली. शेपटीचं ते छोटं पातं इतक्या जोरात फिरतं की डोळ्यांना दिसतच नाही. सत्यजीत धावला. दोन्ही हात पसरून तो तिच्या वाटेत उभा राहिला आणि तिला जवळजवळ उचलूनच त्याने मागे आणलं. सोजराबाईने त्याला सगळ्यांदेखत शिव्या घातल्या. वैमानिकाने यंत्र बंद केलं. लग्न लागलं, जेवणावळी उठल्या, कुणाला काही झालं नाही.

मांडवामागे एका उलट्या पातेल्यावर सत्यजीत बसला होता. अनुपमाने पाण्याचा पेला पुढे केला, तर तो धरायचंच त्याला सुचेना. तिने त्याची बोटं पेल्याभोवती मिटवली आणि आपला हात तिथेच राहू दिला.

"एकदा, दुसऱ्या एका मैदानावर..." तो म्हणाला, "मी वेळेत पोचलो नव्हतो."

पुढे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. पण त्या दिवसापासून अनुपमाला एक कळून चुकलं. हा माणूस आभाळाकडे बघत फिरतो तो उगाच नाही, आणि हा आपल्याला आवडतो तोही उगाच नाही.

गटाची बैठक दर आठवड्याला कॉम्प्युटरच्या पडद्यावर भरायची. इकडे शिरूरला दिवेलागण, तिकडे ब्राझीलला न्याहारीची वेळ. ब्राझीलच्या बाजूने एक म्हातारा वैमानिक असायचा. त्याच्याकडेही उसाची रानं आणि उसावरून गेलेल्या तारा. त्याच्या पांढऱ्या मिशांवरून अनुपमाने त्याचं नाव ब्राझीलचे मामा ठेवलं होतं. त्या आठवड्यात सगळ्यांचा प्रश्न एकच होता: लोक शेपटीकडूनच का येतात? यंत्र बनवणारे म्हणाले, रंग आणखी भडक देऊ. उडवणारे म्हणाले, शिट्टीवाली माणसं वाढवू. दिल्लीचे साहेब म्हणाले, औक्षणावर सरळ बंदी घालू.

अनुपमा मधल्या दिवसांत सोजराबाईला भेटून आली होती. शिव्यांचा उरलेला वाटा आधी तिने ऐकून घेतला, मग कारण विचारलं. आता तिने ते बैठकीत सांगितलं. समोरून गेलं तर पात्याच्या वाऱ्याने निरांजन विझतं, आणि लग्नात निरांजन विझलेलं कुठल्या आत्याला चालेल? मागे गेलं की यंत्राचा जरा आडोसा मिळतो असं बायकांना वाटतं. त्या बेफिकीर नाहीत, त्या दिवा जपतात. बंदी घातली तर लपूनछपून येतील, म्हणजे आणखी वाईट.

मग ब्राझीलच्या मामांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं की दिव्यानेच पाहुण्याकडे जायला हवं का? पाहुणा दिव्याकडे आला तर देवाला चालत नाही?

अनुपमाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चालतं की. घरी तेच तर करतो आपण. दिवा उंबऱ्याशी थांबतो आणि पाहुणा चालत दारात येतो. मग मैदानावरही उंबरा काढू – दोरीच्या आत, वैमानिकाच्या नजरेसमोर, यंत्रापासून लांब, फक्कीची एक ठळक आडवी रेघ. बायकांनी ताट घेऊन उंबऱ्यामागे थांबायचं. पातं थांबलं की पाहुण्याने चालत यायचं आणि तिथे ओवाळून घ्यायचं. विझायला वारंच उरणार नाही.

दिल्लीच्या साहेबांनी बंदी मागे घेतली. कंपन्यांनी वैमानिकांच्या सूचनांत तो मुद्दा घालायचं कबूल केलं. आठवड्याभरात मसुदा आला आणि त्यातल्या सगळ्या कडक इंग्रजीत मधेच 'उंबरा' हा शब्द जसाच्या तसा बसला होता. ब्राझीलच्या मामांना तो काही केल्या उच्चारता येईना.

त्या संध्याकाळी सत्यजीत आणि ती घोड नदीच्या पुलावर उभी होती. खाली पाणी संथ होतं, त्यात केशरी आभाळ हलत होतं. तिची ओढणी वाऱ्याने त्याच्या मनगटावर गुंडाळली गेली. त्याने ती सोडवली नाही, तिने ओढली नाही.

"सविताच्या लग्नाला ये," तो म्हणाला. सविता त्याची धाकटी बहीण. आजवर तो 'तुम्ही' म्हणत आला होता. आज कधी घसरला ते त्याच्याही ध्यानात आलं नाही. "आईला भेट. आप्पांना भेट."

"कोण म्हणून भेटू?"

"कोण म्हणून..." तो पाण्याकडे बघायला लागला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "ते... तिथं आलीस की सांगतो. आधी एक गोष्ट हाय. आप्पांनी सविताची पाठवणी हेलिकॉप्टरनं ठरवलीय. आमच्याच रानातनं. दाखला तुझ्याकडं येईल."

एवढ्या सगळ्या दिवसांत अनुपमाच्या मनाने जे जे बांधलं होतं, ते त्या एका वाक्याने हलायला लागलं: रान नापास झालं, तर त्याच्या घरच्यांना नाही तिलाच म्हणावं लागणार होतं.

लग्नाला दोन दिवस उरले असताना ती पाटसला गेली. दारात मांडव उभा राहत होता, चुलाणावर बुंदी पडत होती. सत्यजीतची आई, तुळजाबाई, तिला बघून चटकन पुढे आली, बसायला दिलं, चहा दिला, आणि तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की पोराने घरी काहीतरी सांगितलं असणार हे अनुपमाला उमगलं. मग ती रान बघायला गेली आणि तो आनंद तिथेच विरला.

रान सुरेख होतं. सपाट, टणक. पण तीन बाजूंना उभा ऊस आणि चौथ्या बाजूला, जिथून यंत्राला संध्याकाळच्या वाऱ्याकडे तोंड करून उठावं लागणार, तिथे विजेची मोठी लाइन. तिने बांधावरून फिरून पाहिलं. कुठेतरी वाट निघावी म्हणून दुसऱ्यांदा फिरून पाहिलं. वाट नव्हती.

मांडवात सगळी भावकी जमली होती. हौसराव, म्हणजे सत्यजीतचे आप्पा, खुर्चीत पुढे सरकून बसले होते. अनुपमाने सांगितलं की इथून दाखला देता येणार नाही.

"ऊस आड येतोय व्हय?" हौसराव म्हणाले. "आत्ता कोयते लावतो. तुमी म्हणाल तेवढा तोडतो, म्याडम."

ऊस तोडून तार जात नाही, असं तिने सांगितलं. ती मोठी लाइन होती. हलवायची तर महिने लागले असते. दौंडच्या अंगाचं एक मैदान तपासून झालेलं होतं, तिथून पाठवणी होऊ शकली असती. पण हौसरावांना ते ऐकायचं नव्हतं. पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या, राहत्या घरापासून हेलिकॉप्टरने पाठवणी, असं त्यात ठसठशीत लिहिलं होतं. आणि पत्रिकेचंही एक वेळ राहू द्या. सविता लहान असताना ते तिला खांद्यावर घेऊन रानात उभे होते, वरून हेलिकॉप्टर गेलं, आणि पोरीने विचारलं, आप्पा, मला बसवाल त्यात? तेव्हा त्यांनी शब्द दिला होता, तुझ्या लग्नात बसवीन, ह्याच रानातनं. हे सांगताना एवढ्या दांडग्या माणसाचा आवाज ओला झाला.

अनुपमाने सत्यजीतकडे पाहिलं. तो मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, हातातल्या कपाकडे बघत. एकदा वर बघ, ती मनात म्हणाली. एकदाच... पण त्याने मान वर केली नाही. तिला वाटलं, हाही मनातून तेच मागतोय. एक सही. एक सही केली की हे घर आपलं, ही तुळजाबाई आपली, हा... आणि नाही केली की सगळं संपलं. तिला हे दोन्ही इतकं स्वच्छ दिसत होतं की डोळ्यांत पाणी आलं.

"सविताताई आत बसणार आहेत, आप्पा," ती म्हणाली. "म्हणून मी सही करणार नाही."

तुळजाबाई उठली, कपांचा ट्रे उचलून आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. मेंदीचे हात पसरून दारात उभी असलेली सविता खाली बघत राहिली. अनुपमा एसटीने शिरूरला परत आली तेव्हा तिला रस्त्यातलं एकही गाव आठवत नव्हतं.

पुढचे दोन दिवस सत्यजीतचा फोन नाही, निरोप नाही. तीही कितीदा लिहायला बसली आणि पुसून टाकत राहिली. कार्यालयातल्या सुषमाने विचारलं, बरं नाही का, तर म्हणाली, धुक्याने घसा धरलाय. धुकं तर पडलंच नव्हतं. आभाळ कसं निरभ्र, निळं, कुठूनही उडावं असं होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता. निदान वादळ तरी यायला हवं होतं. चार लोक म्हणाले असते, पोरीचं बरोबर होतं. पण जो अपघात झालाच नाही, तो टळला हे कुणाला पटवून द्यायचं?

लग्नाच्या सकाळी कार्यालयात निरोप आला: पाठवणी दौंडच्या मैदानावरून. अनुपमाला जावंच लागलं. तिने स्वतः उभं राहून गोल काढून घेतला, एच काढून घेतला, उंबऱ्याची रेघ ओढून घेतली आणि कडेला जाऊन उभी राहिली. परक्यासारखी.

दिवस कलायच्या आधी गाड्या आल्या. सगळा गाव काही आला नव्हता. घरची आणि जवळची तेवढी माणसं. नवरदेव सतीश फेटा सावरत उतरला, मागून सविता, रडून डोळे सुजलेली. उंबऱ्यामागे तुळजाबाई ताट घेऊन उभी राहिली. आधीच येऊन उतरलेल्या हेलिकॉप्टरचं पातं थांबलेलं होतं, हवा इतकी स्तब्ध की निरांजनाची ज्योत हलत नव्हती. मुलीला ओवाळता ओवाळता तुळजाबाईला हुंदका आवरेना. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि कडेला उभ्या असलेल्या अनुपमाच्या हातात ताट दिलं.

"धर गं बाई जरा," ती म्हणाली आणि लेकीला मिठी मारली.

अनुपमा ते ताट धरून उभी राहिली. मिठ्या संपल्या, सगळी माणसं दोरीमागे गेली, मगच यंत्र सुरू झालं. वारं उठलं, गवत लोळलं, साड्यांचे पदर उडाले. हेलिकॉप्टर हलकेच जमिनीवरून सुटलं, मोकळ्या पश्चिमेला वळलं आणि मावळत्या उन्हात शिरलं. त्याच्या वाटेत काही नव्हतं. आवाज विरत विरत गेला आणि मैदानावर एकाएकी पाखरं ऐकू यायला लागली.

हौसराव बराच वेळ आभाळाकडे बघत राहिले. मग उपरण्याने तोंड पुसून अनुपमाजवळ आले. चेहरा अजून फुगलेलाच होता.

"पोरगी सुखरूप गेली," ते म्हणाले. "मांडवात जेवणं व्हायचीत. तुमी येनार का? का आमच्या पंगतीवरनंबी तार गेलीया?"

आणि उत्तराची वाट न बघता ते गाडीकडे चालायला लागले. अनुपमाला हसू आणि रडू एकदमच आलं. मागे सत्यजीत उभा होता. लग्नाच्या धावपळीने डोळे ओढलेले, कपाळावरचा गंध पुसट झालेला.

"दोन दिवस..." ती म्हणाली.

"माझ्या घरचं मैदान होतं," तो म्हणाला. "म्हणून त्या तपासणीतनं मी माझं नाव काढून घेतलं होतं. मांडवात तोंड उघडलं असतं तर आप्पांना वाटलं असतं, मीच तुला शिकवून आणलंय. आणि तुला वाटलं असतं, मी सही मागतोय."

"मला तसंही तेच वाटलं."

"ठाऊक आहे." त्याने मान खाली घातली. "चुकलंच माझं. निदान बघायला तरी हवं होतं तुझ्याकडं. मग आप्पांना दौंडला राजी करण्यात दोन दिवस गेले... न्हाई, तेवढंच न्हाई. फोन हातात घेत होतो आन् ठेवत होतो. भीती वाटत होती."

"कसली?"

"त्या दिवशी तू आप्पांना सगळ्या भावकीसमोर नाही म्हणालीस ना, तवाच तुला विचारावं असं वाटलं. माझ्याशी लग्न करशील का म्हणून." त्याने कपाळावरून हात फिरवला. "आणि तवाच कळलं की तुला नाही म्हणता येतं."

तिने ताट शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलं, हात ओढणीला पुसले आणि त्याच्याकडे वळली.

"घाई नाही," तो पुटपुटला. "नीट बघून घे..."

तिने बघितलं. मैदान बघावं तसं, सावकाश, सगळ्या अंगांनी. उन्हाने रापलेला चेहरा, पुसट गंध, आणि दोन दिवस चुकवलेली ती नजर, जी आता तिच्यावरून हलत नव्हती. उसावरून आलेलं वारं दोघांच्या मधून गेलं. कितीतरी वेळ झाला... त्याला तरी तो फार वाटला.

"हो," ती म्हणाली.

अनुपमा कुणाच्या भिडेखातर हो म्हणणारी नव्हे, हे तोपर्यंत दोन्ही तालुक्यांना ठाऊक झालेलं होतं.